नकाशाचं झबलं

शमुवेल भिंगारदिवे या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहायचे म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. पण त्याच्याबद्दल लिहायला माझ्याइतका माहीतगार नगरात आता दुसरा कोणी उरलेला नाही, आणि वाईट लिहावं तर हाताशी काही लागत नाही. पंचेचाळीस वर्षं शोधतोय.

मी शामकांत निसळ. सरकारी बांधकामाच्या एका कचेरीत मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालो. शमुवेल माझ्या हाताखाली अनुरेखक होता. हा शब्द फक्त पगारपत्रकात असायचा, आम्ही सगळे ट्रेसरच म्हणायचो. आरेखक पेन्सिलीनं नकाशा काढतो, ट्रेसर त्याच्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून तोच नकाशा शाईनं उतरवून घेतो. पगारात मी वर, खुर्ची माझी मोठी, पंखा माझ्या डोक्यावर. कापडावर मात्र सगळं उलटं होतं आणि ते साऱ्या ऑफिसला दिसत होतं.

ट्रेसिंगचं कापड हल्लीच्या मुलांनी पाहिलेलं नसणार. बारीक सुताचं कापड, त्याला खळ चढवून असं घोटलेलं असायचं की खालची रेष आरपार दिसावी. शाई धरावी म्हणून आधी खडूची पूड चोळायची, मग रूलिंग पेननं रेष ओढायची. रेष चुकली तर ब्लेडनं हळूच खरवडायची. त्यासाठी स्टोअरमधून दर माणशी महिन्याला एक ब्लेड मिळायचं. माझं पंधरा दिवसांत बोथट व्हायचं. शमुवेल त्याच्या ब्लेडनं दाढी करायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा मीच त्याला विचारलं होतं, "तुझं ब्लेड कुठंय रे?" तर म्हणाला, "घरी हाय, साहेब. इथं लागत न्हाई." आगाऊपणानं म्हणाला असता तर मी त्याला मेमो तरी दिला असता. पण तो अगदी साधेपणानं म्हणाला.

दुसरी गोष्ट त्याच्या हट्टाची. एका शाळेच्या नकाशात मी मागच्या भिंतीला दार दाखवायचं विसरलो. दुसरा कोणीही ट्रेसर असता तर त्यानं दार घालून टाकलं असतं, माझी अब्रू राहिली असती, त्याला मी चहा पाजला असता. हा पठ्ठ्या भर दुपारी सगळा हॉल ओलांडून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, हितं दार ऱ्हायलंय."

"मग घाल की."

"मला न्हाई घालता यायचं. नसलेली रेष ट्रेसरनं काढायची न्हाई. तुमी घाला, मग मी वडतो."

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मी दार घातलं, पण तो हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

माझं स्वतःचं म्हणून एकच होतं, अक्षर. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तीत इमारतीचं नाव आणि मग तीन रकाने: काढला, ट्रेस केला, तपासला. ती चौकट सगळ्या नकाशांवर मी भरायचो, माझ्या हातानं. पंचवीस वर्षांत तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. रेषेला लोक वाहवा म्हणतात, अक्षर नुसतं वाचून सोडून देतात.

बाकीच्या गोष्टींत तरी देवानं काही समतोल राखावा? तेही नाही. माझे केस चाळिशीत गेले, त्याचे सत्तरीत अजून दाट. मी बुरूडगाव रोडला हप्ते भरून फ्लॅट घेतला, लिफ्ट बंद पडते. तो भिंगारला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि दारातल्या पपईला पपया मोजवत नाहीत इतक्या लागतात. नाताळात त्याची बायको लिडिया आमच्याकडे करंज्यांचा डबा पाठवायची. आमची अंबिका पहिली करंजी तोंडात घालून म्हणायची, "अहो, खुसखुशीत म्हणजे काय ते बघा जरा." लिडिया तीन वर्षांपूर्वी गेली. आता शमुवेल स्वतः करंज्या करतो. त्याही खुसखुशीतच होतात.

खरी गोष्ट मात्र १९८६ च्या उन्हाळ्यातली आहे.

ऑफिस नव्या इमारतीत हलायचं होतं. जुन्या रेकॉर्ड रूमच्या तळाशी एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात हर्बर्ट थॉर्नली नावाच्या इंग्रज आर्किटेक्टचे नकाशे. हा थॉर्नली सव्वाशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात चार-सहा वर्षं होता. श्रीगोंद्याचा दवाखाना, राहात्याचा डाक बंगला, कुठं एखादी शाळा, एखादा पूल, अशा चौदा इमारती. पैकी निम्म्या पडलेल्या. प्रत्येक इमारतीचं एक चित्र जाड कागदावर जलरंगात, आणि तोच नकाशा शाईनं कापडावर. असे चौदा कागद आणि चौदा कापडं.

जुनं सामान मोडीत काढणाऱ्या निर्लेखन समितीनं 'निरुपयोगी' असा शेरा मारला. रद्दीच्या दरानं ज्याला हवं त्यानं न्यावं, पैसे भरून पावती घ्यावी. मी वरिष्ठ, म्हणून पावती माझ्या नावावर फाडली: 'श्री. शा. ग. निसळ व इतर'. इतर म्हणजे शमुवेल. बाकी कोणाला त्या जुनाट भेंडोळ्यांत रस नव्हता.

आता हे ऐका. त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या साहेबांनी शमुवेलनं ट्रेस केलेला एक नकाशा खिडकीशी धरून सगळ्यांदेखत मला म्हटलं होतं, "निसळ, ही रेष बघा. शिका काहीतरी." मी चौतीस वर्षांचा होतो. बढतीची ऑर्डर टेबलावर येऊन पडली होती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या तरी हसून "हो सर" म्हणालो.

पेटी उघडली तेव्हा शमुवेलनं त्या कापडांवरून हात फिरवला, पण न टेकवता, बोटभर वरून. म्हणाला, "साहेब, कागद तुमी घ्या. रंगीत हायेत, भितीला लावाल. ही कापडं तेवढी मला द्या. ही त्या मानसानं सोता वडलीत, ट्रेसरकडून न्हाई करून घेतली. बघा, चौदाच्या चौदा, कुठं खरवडलेलं न्हाई."

मी बघितलं. खरंच नव्हतं. आणि मला त्याच्याहून जास्त दिसत होतं, कारण कोपऱ्यातलं बारीक इंग्रजी मला वाचता येत होतं. प्रत्येक कापडावर लिहिलं होतं की हे थॉर्नलीनं स्वतःच्या हातानं उतरवलंय.

मी म्हणालो, "अंबिकाला सातवा लागलाय. कापड मला लागणार."

यातली मेख आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. ट्रेसिंगचं कापड सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवलं की खळ निघून जाते, शाई निघते, आणि हातात येते मऊसूत पांढरी मलमल. बाजारात तसलं कापड मिळत नसे. नकाशे काढणाऱ्यांच्या घरी रुमाल त्याचे, चक्का बांधायचं फडकं त्याचं, देवावरचं वस्त्र त्याचं. बाळाची झबली-टोपडी तर हमखास त्याचीच. त्यामुळे मी म्हणालो त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शमुवेल घरी आला. कापडबाजारातून आणलेली कोरी मलमल, चांगली तीन मीटर, कागदात गुंडाळलेली. त्याच्या पगारात ते परवडण्यासारखं नव्हतं. "हे बाळाला घ्या, साहेब. आनि ती मला द्या. म्हंजी अदलाबदल."

मी म्हणालो, "बघू."

मलमल ठेवून घेतली. आणि रविवारी कापडंही धुतली.

अंबिकाला हात लावू दिला नाही. परसात मोठं पातेलं ठेवून मीच काठीनं ढवळली. आधी पाण्याची पेज झाली, मग ती निळी झाली, मग काळी. थॉर्नलीचे दवाखाने, बंगले, कमानी, सगळं मोरीतून गेलं. वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आता ही रेष तुला मिळणार नाही, एवढंच डोक्यात होतं. ती आपल्याला तरी कुठं मिळाली, हा विचार शिवला नाही. रंगीत कागद मी शमुवेलला देऊन टाकले. धुळीनं माखलेले, कुबट वासाचे, मला त्यांचं काय करायचं होतं?

सुश्रुतच्या बारशाला शमुवेल आणि लिडिया आले. बाळाच्या अंगावर त्याच कापडाचं झबलं होतं. एका कापडाची शाई हट्टी निघाली होती, तीन उकळ्या देऊनही पुरती गेली नव्हती. झबल्याच्या पाठीवर कमानीचा अर्धा भाग आणि एक खांब पुसट तपकिरी दिसायचा. शमुवेलनं बाळाला हातात घेतलं, खांद्यावर घेऊन थोपटलं, त्याची नजर झबल्यावर गेली. मी वाट बघत होतो. त्यानं बोलावं, भांडावं, निदान तोंड वाकडं करावं. तो म्हणाला, "बाळ गोड हाय, वहिनी." जेवून गेला. पुढं वीस-बावीस वर्षं आम्ही एका हॉलमध्ये बसलो, तो विषय त्यानं काढला नाही.

अंबिकाला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी 'ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या नकाशांचं कापड' एवढंच. ते एक झबलं तिनं डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलंय. मुलगा आज अडतिशीला आला.

इकडे शमुवेल त्या चौदा कागदांची देवासारखी काळजी घेत राहिला. दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये ठेवायचा, वर कडुनिंबाचा पाला. वर्षातून दोनदा बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा. मी एकदा म्हटलं होतं, "मढी जपतोयस, शमुवेल." तो हसला होता.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या मुलीनं, एंजेलानं, त्या चित्रांचे मोबाईलवर फोटो काढून मुंबईच्या एका लिलाव कंपनीला पाठवले. ती राहात्याच्या शाळेत शिक्षिका आहे, इंग्रजी चांगलं आहे. आठ दिवसांत कंपनीचं उत्तर आलं. किंमत ठरवायला त्यांची बाई येतेय म्हणे.

एंजेला आमच्या घरी आली. "काका, पावती तुमच्या नावावर आहे. कंपनीला तुमचं पत्र लागेल. नकाशे रीतसर निर्लेखनात गेले, आणि त्यातले कागद बाबांच्या वाट्याला आले, असं. तुमच्या पत्राशिवाय ते लिलावात घेणारच नाहीत."

"विकायचेच का पण?" मी विचारलं. "इतकी वर्षं जपले ना?"

"म्हणून तर, काका. घराला पत्रे आहेत, ओल येते. बाबा म्हणतात, मी गेल्यावर तू कुठं सांभाळशील? जो इतके पैसे मोजून घेईल तो जपेल."

मी म्हणालो, "बघू." हा शब्द मी आधी एकदा त्याच घराण्याला म्हटला होता.

त्या रात्रीपासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्यानं थांबणारं नव्हतं. ट्रेसर! माझ्या हाताखालचा ट्रेसर, आणि त्याच्या पलंगाखालच्या कागदांची किंमत करायला मुंबईहून माणूस येणार. पेपरात नाव येणार. अंबिका तर हरखली होती. "भावजींचं सोनं झालं हो," असं दिवसातून चारदा म्हणायची. अखेर मी बसलो आणि पत्र लिहिलं. 'सदर बाब फार जुनी असल्याने आज मला नीट स्मरत नाही.' एवढंच. तीनदा लिहिलं, अक्षर मनासारखं येईपर्यंत. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या एका ओळीनं लिलाव थांबणार होता, आणि मला कोणी बोल लावू शकणार नव्हतं. बहात्तराव्या वर्षी कोणाला काय स्मरतं?

मुंबईची बाई आली त्या दिवशी घरून निघताना अंबिकानं एक पिशवी हातात दिली. आत ते झबलं. "त्या बाईंना दाखवा. त्याच नकाशातलं ना?" मी पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि डिकीला कुलूप लावलं.

शमुवेलच्या घरी पोचलो तेव्हा यामिनी नावाची ती मुंबईची बाई कामाला लागलेली होती. तिशीची असेल. पलंगावर पांढरी चादर, चादरीवर चौदा चित्रं. कोपरे उडू नयेत म्हणून शमुवेलनं सीना नदीतले गोटे घासून, धुऊन प्रत्येकाखाली चिंधी घालून ठेवले होते. ती हात धुऊन पुसून एकेक कागद उचलायची, भिंग लावायची, बॅटरी आडवी धरून कागदाचा पोत बघायची, उलटा करून मागची टाचणीची भोकं मोजायची. रंग उडालाय कुठं, डाग कसले, सही त्याचीच का, सगळं टिपून घेत होती. शमुवेल खाली बसकरावर बसला होता. मला त्यानं खुर्ची दिली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझी खुर्ची मोठीच.

"कागद इतके चांगले कसे राहिले?" तिनं विचारलं. "संग्रहालयांत यापेक्षा वाईट अवस्था बघितलीय मी. कुठं शिकलात?"

"कुठं न्हाई, ताई. आमची लिडिया साड्या अशाच ठिवायची. पाला घालून."

ती राहात्याच्या डाक बंगल्यापाशी बराच वेळ थांबली. "ही व्हरांड्यातली सावली बघा," ती मला म्हणाली. "रंग एकदाच लावलाय, परत हात फिरवलेला नाही. आणि हा बंगला पडलाय ना? म्हणजे तो कसा होता याचा पुरावा आता हा एवढाच. खरेदी करणारे याला मोल देतात." मग तिनं वही मिटली आणि आकडा सांगितला. सगळे मिळून अठरा ते बावीस लाख, असा कंपनीचा अंदाज.

एंजेला चहा घेऊन आली होती, ती तिथंच थबकली. शमुवेल नुसता म्हणाला, "जपतील ना पन?" मी खिशावरून हात फिरवला. पत्र होतं जागेवर.

"एक विचारायचं होतं," यामिनी म्हणाली. "प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलंय, कापडावरची प्रत पाहा. एक ते चौदा. ती कापडं कुठंयत? ती असती तर ही गोष्टच वेगळी झाली असती. आर्किटेक्टनं स्वतः कापडावर उतरवलेला पूर्ण संच मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलेला नाही."

तिनं विचारलं शमुवेलला. मी चहाच्या कपात बघत राहिलो. मनात म्हटलं, आता सांगेल. इतक्या वर्षांनी आज त्याचा दिवस आला. सांग बाबा एकदाचं, म्हणजे मीही खिशातलं पत्र काढतो आणि फिटंफाट होते.

शमुवेलनं एक गोटा उचलला, परत ठेवला.

"उंदरांनी खाल्ली, ताई," तो म्हणाला.

तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. छे! माझा असा तिळपापड झाला की कप बशीवर वाजला. हा माणूस! शाळेच्या नकाशात विसरलेलं दार घालायला तयार झाला नाही. जन्मात नसलेली रेष काढली नाही. ती पहिली रेष त्यानं आज काढली आणि ती माझ्यासाठी. म्हणजे मोठेपणाही यानंच घ्यायचा? रेष याची, केस याचे, करंज्या याच्या, अठरा लाख याचे, आणि आता मला पाठीशी घालण्याचं पुण्यही याचंच? मी काय करायचं मग, याच्या उपकाराखाली मरायचं?

"उंदीरबिंदीर काही नव्हते," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "मी धुतली ती. सोडा घालून, उकळून. पोराची झबली शिवली."

यामिनीच समजुतीनं म्हणाली, "काका, मनाला लावून घेऊ नका. त्या काळी सगळीकडेच धुवायचे, आम्हाला हे नेहमी ऐकायला मिळतं. कोणाला कल्पनाच नसायची."

दार उघडं होतं. मान डोलावली असती तर सुटलो असतो. पण समोर शमुवेल खाली मान घालून बसला होता, जणू चूक त्याचीच.

"मला कल्पना होती," मी म्हणालो. "त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. यानं मागितली होती ती कापडं. बदल्यात नवी मलमल आणून दिली होती. मलमलही ठेवून घेतली मी. याला मिळू नयेत म्हणून धुतली. याची रेष मला बघवत नव्हती म्हणून."

एंजेला माझ्याकडे बघत होती. त्या नजरेबद्दल मी काही लिहीत नाही.

"मला ठाव हुतं, साहेब," शमुवेल म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तुमी वाचलं हुतं त्ये. वाचताना तुमची बोटं थांबली हुती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? बोलून रेष परत येती व्हय?"

मी खिशातलं पत्र काढून फाडलं. यामिनीकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिथंच बसून नवं लिहिलं. पेटी, समिती, पावती, चौदा कागद शमुवेल शाद्राक भिंगारदिवे यांचे. खाली चौदा कापडांचं काय झालं तेही, कोणी केलं आणि का केलं यासह. तारीख, मुक्काम अहिल्यानगर, सही. मग बाहेर जाऊन डिकी उघडली आणि झबलं आणलं.

यामिनीनं ते दोन्ही हातांवर घेतलं. नवव्या चित्राशेजारी ठेवलं. श्रीगोंद्याच्या दवाखान्याची दर्शनी कमान. झबल्यावरची पुसट रेष आणि चित्रातली कमान बरोबर जुळत होती. तिनं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे विकायला नाही घेणार मी. पण याची नोंद व्हायला हवी. इतकी पुसट रेष फोटोत उमटणार नाही."

शमुवेल उठला. आतून जुना ड्रॉइंग बोर्ड आणला, ट्रेसिंग पेपर आणला, आणि डब्यातून रूलिंग पेन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, सत्तरी उलटलेली. झबलं बोर्डवर पसरून त्यानं वर कागद टाचला, पेनात शाईचा थेंब सोडला आणि रेष ओढली.

हात हलला नाही. तशीच रेष. १९८६ ची. माझ्या पोटात तीच जुनी कळ उठली, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. आत्ताच सगळ्यांदेखत कबुली देऊन मोकळा झालो होतो, आणि तरी मला तो हात हवा होता.

झबल्याच्या शिवणीपाशी कमान अर्ध्यावर संपत होती. तिथं त्यानं पेन उचललं.

"पुरी कर की," मी म्हणालो. "समोर चित्र आहे, बघून पुढची ओढ."

"न्हाई, साहेब. हाय तेवढीच."

मग उजव्या कोपऱ्यात त्यानं चौकट आखली, तीन रकाने पाडले, पेन पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. "ही तुमी भरा. तुमचं अक्षर बघायला मी रोज पाच मिन्टं आधी यायचो हापिसात. मला त्ये कवा जमलं न्हाई."

पंचेचाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेही यानंच. मी पेन घेतलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'काढला: ह. थॉर्नली'. दुसऱ्यात, 'ट्रेस केला: श. भिंगारदिवे'. तिसरा रकाना माझा. पंचवीस वर्षं त्याच्या प्रत्येक नकाशावर मी तिथं 'तपासला' लिहून सही ठोकली होती.

या वेळी तिथं लिहिलं, 'धुतला: शा. निसळ'. अक्षर चांगलं आलं.